हडळ येते म्हणाली

आमच्या गावात भुताचा सिनेमा निघाला तेव्हा त्यातला मांत्रिक मी होतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे मी किती टरकलो ते सांगायचंय, आणि मांत्रिकच टरकला म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. मी लपवत काही नाही. फार तर थोडं वाढवून सांगतो, आणि तेही ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी. माझी दाढी घोड्याच्या शेपटीची होती. घोडा वरातीचा. त्या हंगामात आपल्या घोड्याचं शेपूट झाडूच्या बुडख्यासारखं का दिसत होतं, हे त्याच्या मालकाला अजून उमगलेलं नाही.

सिनेमा काढला तालुक्याच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने. नवरीला ‘जरा अजून रडा’ आणि नवऱ्याला ‘जरा कमी हसा’ असं सांगून सांगून तो माणूस कंटाळला होता. त्याच्याकडे कॅमेरा होता, ड्रोन होता आणि डोक्यात एक हडळ होती. हडळ व्हायला मात्र गावात कुणी तयार होईना. कुणाच्या मुलीचं लग्न जमायचं होतं, कुणाची सासू घरात घेणार नव्हती. शेवटी हो म्हणाली ती आमची वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको.

वहिनी गावची आशाताई. पोटुशा बायांना तपासणीला न्यायचं, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ झोळीच्या काट्यावर तोलायचं, लस चुकवणाऱ्यांना उसातून हुडकून काढायचं, हे तिचं काम. गावातलं पाच-सहा वर्षांखालचं एकही पोर असं नाही की ज्याचा पहिला ताप तिने पाहिला नाही. आणि तिचे केस असे, की मोकळे सोडून ती रस्त्याने चालली तर मागच्या मोटारसायकलवाल्याने दिवा लावावा. शूटिंगवाल्याने ते केस बघितले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीची अट एकच होती. सकाळच्या गृहभेटी झाल्याशिवाय ती हडळ होणार नाही.

शूटिंग कसं झालं ते सांगितलं तर कुणाला पटत नाही, म्हणून कमी करूनच सांगतो. धुकं हवं होतं, तर ग्रामपंचायतीचं डास मारायचं धुराचं मशीन आणलं. धुकं इतकं झालं की हडळ खोकत खोकत उसाबाहेर आली आणि मांत्रिक मंत्र विसरून पाणी मागायला लागला. हडळ उडायला हवी होती, तर तिला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून उसाच्या शेंड्यांवरून फिरवली. रक्त म्हणून गुलाबाचं सरबत लावलं, त्याला मुंग्या लागल्या. मुंग्या चावत होत्या तेव्हा वहिनीचे खांदे असे उडत होते की शूटिंगवाला म्हणाला, ॲक्टिंग असावी तर अशी. हडळीचे पाय उलटे हवेत, तर चपला उलट्या घातल्या. त्या चपलांमध्ये ती माझ्यामागे धावली, आणि मी जो पळालो तो कॅमेऱ्याच्या बाहेर, बांधापलीकडे, शेजारच्या मक्यात. ते दृश्य सिनेमात नाही. कॅमेराच मागे राहिला.

शेवटचा सीन तेवढा एका दमात झाला. मी लिंबू कापतो आणि गरजतो, “बोल, जातेस का न्हाई?” ती गुडघ्यांवर कोसळते, केस तोंडावर, आणि घुमत घुमत तीनदा बोलते. धुराच्या मशीनचं तेल संपत आलं होतं. शूटिंगवाला म्हणाला, झ्याक, पॅकअप. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो आमच्याच गावच्या मंगल कार्यालयात, भर दुपारी. खिडक्यांना टोमॅटोच्या शेतातला मल्चिंगचा काळा कागद लावून अंधार केला होता. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. पहिला तासभर काय हशा होता. जेसीबीचा पिवळा हात पडद्यावर दिसला तेव्हा जेसीबीचा मालक उठून उभा राहिला आणि लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. हडळ खोकली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, खोकल्याच्या गोळ्या तुझ्याकडंच असतात की गं ताई. वहिनी बायांच्या मधल्या रांगेत बसली होती. पदर तोंडाला लावून हसत होती.

मग शेवटचा सीन आला. मी लिंबू कापलं. पडद्यावरचा माझा आवाज ऐकून मलाच माझा अभिमान वाटला. हडळ कोसळली. स्पीकर मोठे होते, लग्नाच्या डीजेचे, त्यांतून तिचा श्वास असा येत होता की खुर्च्या कापाव्यात. आणि ती घुमत बोलली, “येते. येते. कायमची येते.”

बायांच्या बाजूने एक म्हातारी उठली. ही म्हातारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, तिची सून तेव्हा पोटुशी होती. ती फार मोठ्याने बोललीही नाही.

“अगं बायांनो, ती येते म्हनली.”

आता बघा, आमचं कसं झालं होतं. सिनेमात ‘जाते, जाते, कायमची जाते’ असं लिहिलेलं होतं. पण आपल्याकडे उंबरा ओलांडताना जाते कोण म्हणतं? बाजारला निघालेली बाई येते म्हणते, माहेरी निघालेली येते म्हणते, रागावून भांडून निघालेलीसुद्धा येते म्हणूनच चपला घालते. वहिनीच्या तोंडून सवयीने येते निघालं, आणि ऐकणारे आम्ही सगळे त्याच सवयीचे. मी समोर उभा होतो, मला जाते ऐकू आलं. कॅमेरावाल्याला जाते ऐकू आलं. शूटिंगवाल्याने कानाला हेडफोन लावून तो सीन निदान शंभर वेळा कापला-जोडला असेल, त्यालाही येते म्हणजे गेलीच असं वाटत राहिलं. त्या म्हातारीने मात्र ते जसंच्या तसं ऐकलं.

आणि सिनेमा तिथेच संपत होता. हडळीचं तोंड पडद्यावर आलं आणि प्रोजेक्टर अडकला. ते तोंड हलेना, जाईना. पोरं रडायला लागली, बाया उठल्या, खुर्च्या पडल्या, कुणाचा तरी पाय मल्चिंगच्या कागदात अडकला आणि तो कागद फरफटत बाहेर गेला. खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा मी बघितलं. बायांच्या बाजूच्या सगळ्या लाल खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मध्ये एकटी वहिनी बसली होती. तिच्या वरती पडद्यावर तिचंच तोंड. ती माझ्याकडे बघून म्हणाली, काय झालं भाऊजी? आणि खरं सांगतो, मला दोन पावलं मागे सरकावंसं वाटलं. सरकलोही असेन.

बाहेरगावी सिनेमा तुफान चालला. सोनईकडे लोकांनी शिट्ट्या मारल्या, जेसीबीच्या सीनला नाचले, ‘येते, येते, कायमची येते’ची मोबाईलला रिंगटोन लावली. त्यांना काय, त्यांची हडळ पडद्यावर होती आणि पडद्यावरच राहत होती. आमची हडळ सकाळी खांद्याला पिशवी लावून दारात येत होती.

एकाची विहिरीवरची मोटार जळाली. ती दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात जळते, पण या वेळी ती हडळीने जाळली. एकीची म्हैस दूध चोरायला लागली. अंगणवाडीतल्या दोन पोरांना ताप आला. त्या हवेत कुणाला ताप नव्हता? पण दारादारावर लिंबू-मिरच्या लटकल्या, बिबवे लटकले. वहिनी सुरुवातीला हसायची, म्हणायची लोकांना दोन दिवस करमणूक. मग बाया तिच्यासमोर पोरं पदराखाली झाकायला लागल्या. वाटेत दिसली की बाजूला सरकायच्या, आणि नंतर घरातून “न्हाई ती, शेतात गेली” असं दाराआडून सांगायला लागल्या. त्याच आठवड्यात आमच्या शिवारात बिबट्या दिसला होता. लोक बिबट्याचा फोटो काढायला गेले, पण वहिनी आली की कडी लावली.

मी तिला सांगायचो, लोक खुळे आहेत. आणि एका संध्याकाळी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून आमच्याकडे साखर मागायला आली. जाताना दारात वळली आणि म्हणाली, “येते हं भाऊजी.” माझ्या हातातला कप फुटला. तिने खाली वाकून सगळे तुकडे वेचले.

त्या म्हातारीची सून दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. बाळ एवढंसं होतं, दोन वांगी जोडून ठेवावीत तेवढं. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं होतं की बाळाला ऊब द्या, अंगाला लावून ठेवा, आशाताई येऊन वजन करेल, आणि दूध ओढायचं थांबलं तर तसंच उचलून आणा. वहिनी दोनदा वस्तीवर गेली. दोन्ही वेळा म्हातारीने फाटकातून परत पाठवलं. दुसऱ्यांदा तर कुत्रं सोडलं. त्यानंतर वहिनीला झोप लागेना. सारखी म्हणायची, थंडी पडलीय भाऊजी, त्या लेकराच्या अंगावर मांस न्हाई.

आणि एके दिवशी दुपार कलताना तिचा फोन वाजला. पलीकडून ती बाळंतीण दबक्या आवाजात बोलत होती. बाळ सकाळपासून दूध ओढत नाही, रडतही नाही, आणि सासू म्हणते बाहेरचं लागलंय, अंगारा लावलाय. तेवढ्यात फोन बंद झाला. वहिनी माझ्या दारात आली, पायात चपलासुद्धा धड नव्हत्या. मी माझ्या पिकअप गाडीची किल्ली घेतली.

वस्तीच्या वाटेला दोन्हीकडून ऊस. कडेचा ऊस तोडायचा राहिला होता, पानं गाडीच्या काचांवर घासत होती. दिवसाउजेडी त्या वाटेवर अंधारून येतं. मी एरवी अशा वेळी दोन गोष्टी रचून सांगतो, पण त्या दिवशी नाही. मी फक्त विचारलं की वहिनी, त्या दिवशी तुमच्या तोंडून तसं कसं निघालं? लिहिलेलं तर पाठ होतं.

ती समोर बघत म्हणाली, “निघालंच न्हाई भाऊजी तोंडातून. आमच्या आईला दवाखान्यात नेत हुते, तवा ती दारात म्हनली, जाते गं. मी लहान हुते. मंग ती आलीच न्हाई. तवापासून त्यो शबुद माझ्या जिभंवर येत न्हाई. खेळात बी न्हाई.”

फाटक बंद होतं. कुत्रं बांधलेलं होतं आणि भुंकत नव्हतं, कान पाडून बसलं होतं. आम्ही कडी काढून अंगणात शिरलो. म्हातारी घराच्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली, एक हात या चौकटीला आणि एक त्या चौकटीला.

“तितंच थांब,” ती म्हणाली. “काय काम हाय?”

“आत्याबाई, बाळाला बघू द्या. दूध पीत न्हाई म्हनून कळलं.”

“कुनी सांगितलं?”

वहिनीने बाळंतिणीचं नाव काढलं नाही. “कळलं,” एवढंच म्हणाली.

“बरूबर. तुला सगळं घरबसल्या कळनारच.”

मग मी पुढे झालो. सांगितलं की तो सिनेमा होता, ते रक्त सरबताचं होतं, ती उडाली ती जेसीबीत बसून उडाली, मांत्रिक म्हणजे मीच, आणि दाढी घोड्याच्या शेपटीची होती. सगळं खरं सांगितलं, आयुष्यात एवढं खरं मी एका वेळी कधी बोललो नव्हतो. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

“तू तर बोलूच नको. तिला घालवायला तुला उभा केला हुता, न् ती कायमची येते म्हनली तरी तू लिंबू धरून गप. असला कसला मांत्रिक तू?”

मी दोन पावलं सरकून वहिनीच्या मागे उभा राहिलो.

आम्ही तिघं उभे होतो आणि आतून आवाज येत नव्हता. तान्ह्या बाळाच्या घरातून काहीतरी आवाज येतोच, कुरकुर, शिंक, हुंकार. त्या घरातून काहीच येत नव्हतं. मी शपथेवर सांगतो, मी शेकडो भुतं पाहिली आहेत, निदान पाहिली असं सांगितलं आहे, पण त्या शांततेएवढं भीतीदायक मी काही ऐकलेलं नाही. वहिनी हात जोडत होती, पिशवीतला काटा काढून दाखवत होती, दवाखान्यात चला म्हणत होती. म्हातारी हलेना. तीही घाबरलेली होती.

शेवटी म्हातारी म्हणाली, “आत यायचं असंल तर आधी हितं उभी राहून म्हन. जाते म्हन. समद्या शिवारानं ऐकलं पायजे.”

वहिनीचं तोंड पांढरं पडलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला घरी एक मुलगी आहे, तेव्हा दुसरीत होती. मला कळलं की तिच्या डोळ्यांसमोर ती मुलगी दारात उभी आहे. मी म्हणणार होतो, नको वहिनी, आपण सरपंचाला आणू, पोलिसपाटलाला आणू. पण ते आणेपर्यंत आत काय राहणार होतं?

“जाते,” ती म्हणाली.

“ऐकू न्हाई आलं.”

“जाते. कायमची जाते.” मग तिचा आवाज एकदम सरळ झाला, गृहभेटीला आलेल्या बाईचा झाला. “आता सरका आत्याबाई, लेकरू दाखवा.”

म्हातारीचे हात चौकटीवरून आपोआप खाली आले.

आतल्या खोलीत शेगडीचा धूर कोंडला होता. बाळंतीण गोधडीत तापाने कुडकुडत होती. बाळ बाजूला, कपाळाला अंगारा, अंगावर नुसतं ओलसर दुपटं. वहिनीने पायाला हात लावला. मी दारातून बघत होतो, तळवे निळसर होते, जांभळाच्या सालीसारखे. तिने दुपटं सोडून टाकलं, बाळ उघडं केलं आणि सरळ आपल्या ब्लाऊजच्या आत छातीला लावलं, वरून पदर गुंडाळला, पदरावर शाल. धावपळीत तिचा अंबाडा सुटला आणि सगळे केस त्या गाठोड्यावर पडले. म्हातारीने भिंत धरली. तिच्यासमोर हडळ उभी होती आणि हडळीच्या छातीला तिचा नातू होता. वहिनी म्हणाली, बघत काय राह्यलात, सुनेला धरा, गाडीत बसा.

पिकअपमध्ये पुढे वहिनी आणि बाळंतीण, मागे हौद्यात म्हातारी, दांडीला धरून. वहिनी पदराच्या आत हात घालून बाळाचे तळवे चोळत होती आणि बोलत होती, रड रे बाळा, रड. मधूनच एक बारीक कण्हणं यायचं, मांजराच्या पिल्लासारखं, आणि थांबायचं. थांबलं की माझा पाय ब्रेकवर जायचा, जसं काही गाडी थांबवून ते परत सुरू होणार होतं. वहिनी म्हणायची, चला भाऊजी, चला.

मोठ्या रस्त्याला लागलो तर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि अशी रांग की माझ्या अंदाजाने ती थेट औरंगाबादेतून सुरू झालेली असावी. हॉर्न वाजवून माझा अंगठा सुजला. ट्रॅक्टरवाल्यांनी मोठ्याने गाणी लावलेली, कोण ऐकतंय. तेव्हा वहिनीने काच खाली केली आणि मान बाहेर काढली. फक्त बघितलं. वारा होता, केस उडत होते. शेवटच्या ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून बघितलं आणि त्याच्या तोंडातली तंबाखू बाहेर पडली. त्याने ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट साइडपट्टीवर घातला. त्याच्या पुढच्याने तेच केलं. काय सांगू, हडळ येतेय ही बातमी आमच्या गाडीच्या आधी पुढे पोचत होती. कारखान्यापर्यंतचा रस्ता भांग पाडल्यासारखा मोकळा झाला. मंत्र्याच्या गाडीला एवढी वाट कुणी दिली नसेल.

दवाखान्यात बाळाला उबेच्या पेटीत ठेवलं, दार लावलं. बाळंतिणीला सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच काही सांगत नाही, बसा बाहेर. आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. आतलं काही दिसत नव्हतं आणि काही ऐकू येत नव्हतं.

इतका वेळ वहिनी धीट होती. आता पदर रिकामा होता आणि ती तो तसाच छातीशी आवळून धरत होती. ती हळूच मला म्हणाली, “भाऊजी, मी म्हनले तो शबुद. उंबऱ्यात उभी राहून म्हनले.”

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण तेव्हा एक थाप सुचेल तर शपथ. बोलली ती म्हातारी. ती वहिनीकडे न बघता, समोरच्या बंद दाराकडे बघत बोलली.

“काय म्हनलीस गं तू? मला आजकाल ऐकू येत न्हाई. मी कायबी ऐकलं न्हाई.” मग माझ्याकडे अंगठा केला. “न् ह्यो तुझा दीर. ह्यो कुटं सांगत फिरला तरी ह्याच्यावर कोन इस्वास ठिवतंय?”

आणि तिने वहिनीच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, आणि ते सुटलेले केस गोळा करून तिचा अंबाडा घालायला लागली. केस आवरत नव्हते, अंबाडा बसत नव्हता. वहिनी मान खाली घालून बसून राहिली. आम्ही सगळे त्या दाराला कान लावून होतो. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही.

मग आतून रडणं आलं. अगदी बारीक, दाराच्या फटीतून यावं तेवढंच. मला आधी वाटलं, भास झाला. वहिनीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती हलली नाही. ऐकू न येणारी म्हातारी तेवढी अंबाडा अर्धा सोडून उठली होती, आणि दारापाशी पोचलीही होती.